कॅप्टन कोण लावलास?

कोटींची बक्षिसं एका रात्रीत बंद झाली. तरी शुक्रवारी रात्री अकराच्या आत टीम लावायची धडपड करणारे काही जण उरलेच. या खेळात ‘जिंकलो’ म्हणायचं तरी कधी? गिरगाव ते लालबाग घेतलेला हा शोध...

शुक्रवार, २२ ऑगस्ट २०२५. रात्रीचे दहा वाजून गेलेले. गणपती पाच दिवसांवर, त्यामुळे लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नाही. त्याच आठवड्यात पावसाने मुंबईला झोडपून काढलं होतं, तरी खरेदीची गर्दी तसूभर कमी नव्हती. भारतमातापासून चिवडा गल्लीपर्यंत धक्के खात मी मामाच्या घरी पोचले. माझा मामेभाऊ, म्हणजे दादा, गॅलरीत मोबाइल हातात घेऊन बसला होता. वय ३४, लोअर परळच्या एका ऑफिसात अकाउंट्सला. चेहरा असा, की मला वाटलं नोकरीच गेली.

“बंद झालं,” तो म्हणाला.

बंद झालं होतं ते त्याचं फॅन्टसी क्रिकेटचं अ‍ॅप. म्हणजे अ‍ॅप होतं, पण त्यात पैसे लावून खेळता येणार नव्हतं. २० ऑगस्टला लोकसभा, २१ला राज्यसभा आणि २२ला राष्ट्रपतींची सही. तीन दिवसांत ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला आणि पैशांवरचे ऑनलाइन खेळ देशभर बेकायदा ठरले. 

“मग आमच्यात ये,” मी म्हटलं.

“ते फुटबॉलवालं? त्यात मिळतं काय?”

“शेवटच्याने सगळ्यांना मिसळ द्यायची.”

“आणि पहिल्याला?”

“मिसळ खायची.”

“ती तर बाकीचे आठ जणही खाणार ना! मग पहिला येऊन फायदा काय?”

अकाउंट्सचा माणूस! प्रश्न एकदम करेक्ट होता. मी सात सीझन खेळतेय, पण माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी...

आमची लीग फॅन्टसी प्रीमियर लीगची. खेळ साधा आहे. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधले १५ फुटबॉलपटू निवडायचे. खर्चाला १० कोटी पौंड, अर्थात खोटे. एका क्लबचे तीनपेक्षा जास्त खेळाडू घ्यायचे नाहीत. मैदानावर खऱ्या खेळाडूने गोल केला, गोल अडवला, पिवळं कार्ड खाल्लं, की त्याप्रमाणे तुमचे गुण वाढतात किंवा कापले जातात. कॅप्टनचे गुण दुप्पट. असे ३८ आठवडे. जगभरात एक कोटीहून जास्त लोक हा खेळ खेळतात, फुकट. आणि त्या एक कोटीच्या पोटात तुम्ही तुमची छोटी लीग काढू शकता, ऑफिसची, कॉलेजची, वाडीची.

आठवड्यातल्या पहिल्या मॅचच्या ९० मिनिटं आधी टीम बंद होते. शुक्रवारची मॅच असली की आपल्याकडे रात्री अकरा. ऑक्टोबरच्या शेवटी इंग्रज आपली घड्याळं तासभर मागे घेतात, मग ती वेळ बारा होते. (दरवर्षी आमच्यातला कुणीतरी हे उलटं लक्षात ठेवतो आणि मार्चमध्ये घड्याळं पुन्हा पुढे गेली की फसतो. दोनदा ती मीच होते!) दहा ते अकरा या वेळात ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, “कॅप्टन कोण लावलास?” खरं उत्तर कुणी देत नाही, तो भाग वेगळा.

गंमत म्हणजे हा प्रकारच मुळात मित्रांच्या टेबलावर जन्मलेला. १९८०मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ला रोटिसरी फ्रान्सेज’ नावाच्या रेस्टॉरंटमध्ये जमणाऱ्या काही लेखक-संपादक मंडळींनी बेसबॉलची अशी लीग सुरू केली. कल्पना डॅनियल ओक्रेन्ट या संपादकाची. गुण हाताने मोजायचे, वर्तमानपत्रातले आकडे बघून. त्यातून पुढे अब्जावधींचा धंदा उभा राहिला. आणि हा ओक्रेन्ट स्वतःच काढलेल्या खेळात कधी म्हणजे कधीच पहिला आला नाही!

आपल्याकडे २०००च्या दशकात ‘सुपर सिलेक्टर’ होतं. माझ्या दादाच्या पिढीने ते सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून खेळलंय. तेव्हा मजा होती ती आपण निवडलेला बदली फलंदाज चालला, की दुसऱ्या दिवशी शाळेत छाती फुगवून सांगण्यात.

मग कोटी आले

२००८मध्ये आयपीएल आली आणि त्याच वर्षी मुंबईत हर्ष जैन आणि भावित शेठ यांनी ड्रीम११ सुरू केली. सुरुवातीची काही वर्षं धडपडीत गेल्यावर २०१२च्या सुमारास कंपनीने गाडी वळवली. अख्ख्या सीझनची लीग नाही, एकेका मॅचची स्पर्धा. प्रवेश फी भरा, टीम लावा, रात्री निकाल. हा नशिबाचा नाही, कौशल्याचा खेळ आहे, असं २०१७मध्ये पंजाब-हरियाणा हायकोर्टाने आणि २०१९मध्ये आपल्या मुंबई हायकोर्टानेही म्हटलं. २०२०च्या आयपीएलची टायटल स्पॉन्सरशिप २२२ कोटींना, २०२३मध्ये टीम इंडियाच्या जर्सीवर नाव सुमारे ३५८ कोटींना. दोन मित्रांच्या डोक्यातून निघालेली कंपनी भारताच्या कॅप्टनच्या छातीवर जाऊन बसली. सक्सेस स्टोरी म्हणतात ती हीच.

पण खेळणाऱ्याच्या सक्सेसचं काय? फंडा असा, की प्रत्येक मॅचला कुणीतरी एक जण कोटी जिंकणार, आणि तो तुमच्यासारखाच कुणीतरी असणार. ऑक्टोबर २०२३मध्ये तो ‘कुणीतरी’ पिंपरी-चिंचवड पोलिसांतला एक उपनिरीक्षक निघाला. इंग्लंड-बांगलादेश मॅचवर दीड कोटी! दोन दिवस सगळ्या चॅनेलवर तोच. आणि मग निलंबन. गणवेशात मुलाखती दिल्याचाही ठपका होता. आठवड्याभरात माणूस लॉटरीही जिंकला आणि खुर्चीवरूनही उठला. त्याच्याबद्दल आमच्या लालबागच्या गॅलरीत तेव्हा जे बोललं गेलं, त्यात सहानुभूती दोन वाक्यं होती आणि “पण टीम कशी लावली होती रे त्याने?” हे अर्धा तास.

दादाचीही एक रात्र होती. २०२१च्या आयपीएलमध्ये त्याला ३८ हजार लागले. सकाळी मामीने ‘लाडू सम्राट’मधून लाडू आणून मजल्यावर वाटले. “पोराने डोकं लावून कमावले,” असं ती सांगत होती आणि दादा मागे उभा राहून नाही-नाही म्हणत हसत होता. तसा हसताना मी त्याला प्रमोशन मिळालं तेव्हाही बघितलं नव्हतं. बँकेत आले २६,६००. तीस टक्के कर आधीच कापलेला. पण मजल्यावर आजही तो ‘अडतीस हजारवाला’च आहे.

त्या २२ ऑगस्टच्या रात्री त्याने मला लॅपटॉपवर एक एक्सेल शीट दाखवली. अकाउंट्सचा माणूस, ४९ रुपयांची एंट्रीसुद्धा तारखेसकट टाकलेली. चार वर्षांत भरलेली फी ९४ हजारांच्या आसपास. हातात आलेली बक्षिसं, ती अडतीस हजारांची धरून, ५२ हजार. शेवटच्या रकान्यात लाल अक्षरांत उणे ४२. हा आकडा मामीला माहीत नाही, वहिनीला माहीत नाही, आणि मी हे छापू का असं विचारलं तेव्हा दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. मग म्हणाला, “छाप. नाव टाकू नकोस.”

“तुला दिसत होतं ना हे? दर महिन्याला?”

“दिसत होतं.”

“मग?”

“अगं, हरलो ते मलाच माहीत होतं. जिंकलो ते सगळ्यांना माहीत होतं.”

हिशेब तसा सोपा आहे. शंभर जणांनी प्रत्येकी ४९ भरले, की त्यातला एक हिस्सा कंपनी बाजूला काढते आणि उरलेल्याची बक्षिसं होतात. म्हणजे सगळे मिळून कायमच तोट्यात. वरच्या काहींना मिळतं ते खालच्या बऱ्याच जणांच्या खिशातून. कायदा आला तेव्हा सरकारी गोटातून आकडा दिला गेला, की सुमारे ४५ कोटी लोक अशा खेळांत वर्षाला २० हजार कोटींच्या आसपास घालवतात. या आकड्यात तीनपत्ती-रमीपासून सगळंच आलं. तरी मला त्या आकड्यापेक्षा दादाचा रकाना जास्त मोठा वाटला. कारण त्या हजारो लोकांच्या स्पर्धेत त्याला एक माणूससुद्धा ओळखत नव्हता. तो कुणाला हरवत होता? कुणाकडून हरत होता? स्क्रीनवर नुसती टोपणनावं, आणि उद्या नवी मॅच, नवे लोक.

आमचे दहा जण

आता आमची लीग. ठाकूरद्वारजवळच्या एका वाडीत ती जन्मली, वाडीच्याच नावाने. ती वाडी आज नाही. रिडेव्हलपमेंटला गेली, तिथे आता निळे पत्रे आहेत. बाजूला मेट्रो आली, गिरगाव नावाचं चकचकीत स्टेशन झालं, पण माणसं पांगली. म्हणून ग्रुपमध्ये कुणालाच नावाने हाक मारत नाहीत, जो जिथे गेला तेच त्याचं नाव. बदलापूर. टोरांटो. दादर. डोंबिवली हा लीगचा कमिशनर, कारण लॉगिन त्याच्याकडे आहे. परळच्या एका हॉस्पिटलात होता तो डॉक्टर. मी २०१८मध्ये आले ती ‘दहा हवेत, नऊच होतात’ म्हणून. भावाने परस्पर माझं नाव घातलं. पहिल्याच वर्षी शेवटची आले आणि फणसवाडीच्या नाक्यावर ‘विनय’मध्ये नऊ जणांच्या मिसळीचं बिल भरलं. फ्रीलान्सरच्या खिशाला ती जाम महाग पडली, पण त्या दिवशी मी लीगमध्ये ‘आले’.

आमच्यात सगळ्यात जास्त सांगितली जाणारी गोष्ट पहिला आलेल्याची नाहीच. ती तिसऱ्या नंबरची आहे.

२०१९-२०चा सीझन. मार्च २०२०मध्ये करोनामुळे प्रीमियर लीग थांबली, जूनच्या १७ तारखेला प्रेक्षकांशिवाय पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत मुंबईची काय अवस्था होती ते सगळ्यांना आठवत असेल. आमचा डॉक्टर परळला ड्युटीवर, पीपीई किटच्या आत. घरी जात नव्हता, हॉस्टेलवरच राहत होता. लीग थांबली तेव्हा तो तिसरा होता आणि बदलापूर चौथा, १५-२० गुणांनी मागे. दोघं वाडीत समोरासमोरच्या खोल्यांत वाढलेले. पतंगापासून दहावीच्या टक्क्यांपर्यंत सगळ्यात एकमेकांचे हाडवैरी.

लीग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात डॉक्टरची टीम तशीच राहिली. दुसऱ्या आठवड्यात बदलापूरने त्याला मेसेज टाकला, “टीम लाव रे.” पहाटे चारला उत्तर आलं. त्यात फक्त पासवर्ड होता.

आणि मग उरलेला सगळा सीझन, म्हणजे २६ जुलैपर्यंत, बदलापूर दोन टीम लावत होता. एक स्वतःची, एक डॉक्टरची. ग्रुपवर कुणाला पत्ता नाही. मनात आणलं असतं तर जखमी खेळाडूला डॉक्टरचा कॅप्टन करून ठेवता आलं असतं, कुणी विचारलंही नसतं. पण त्याने काय केलं, तर दोन्ही टीममध्ये मुद्दाम वेगवेगळे कॅप्टन लावले. स्वतःसाठी आपल्या मनाचा, आणि डॉक्टरसाठी ‘तो असता तर कोण लावला असता’ याचा विचार करून. वाडीत वीस वर्षं समोर राहिलेला माणूस, त्याला बरोबर माहीत होतं. डॉक्टर घाबरट खेळतो, सगळे लावतात तोच लावतो.

शेवटच्या दिवशी डॉक्टर तिसरा आला. बदलापूर चौथा. फरक सहा गुणांचा.

हे आम्हाला कळलं डिसेंबरमध्ये, डॉक्टरनेच सांगितलं म्हणून. त्यावर जे भांडण पेटलं ते अजून मिटलेलं नाही. टोरांटोचं म्हणणं, हे सरळ नियमाबाहेर आहे, एका माणसाने दोन टीम चालवल्या, डॉक्टरचा नंबर रद्द करा. दादर म्हणे, रद्द केला तर सहाव्याचा पाचवा होतो आणि तो सहावा तूच होतास, गप बस! कमिशनरने शेवटी वहीत नोंद केली. हो, वही आहे, लाल कापडी बांधणीची, सगळे सीझन हाताने लिहिलेली. तिसरा: डॉक्टर. आणि कंसात: बदलापूर. चौथा: बदलापूर.

मी बदलापूरला नंतर विचारलं, वाईट नाही वाटलं? तो वैतागला. “वाटलं ना! त्याच्यासाठी लावलेला कॅप्टन चालला आणि माझा पडला. आपलीच अक्कल आपल्या नावावर नाही.” एवढंच. त्यात त्याने काही थोर केलं असं त्याला आजही वाटत नाही, आणि मी हे लिहितेय म्हटल्यावर “उगाच सेंटी करू नकोस” अशी तंबी मिळाली आहे.

जगात कितवा?

योगायोग बघा, त्याच सीझनला जगात पहिला आला जोशुआ बुल, ऑक्सफर्ड विद्यापीठातला गणितज्ञ. कॅन्सरच्या पेशींचं गणित मांडणारा माणूस, लाखो लोकांत अव्वल! त्याने नंतर या खेळाच्या गणितावर व्याख्यानही दिलं. त्याच वर्षी डिसेंबर २०१९मध्ये बुद्धिबळाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन काही काळ जगात पहिला होता. म्हणजे डोकं लागतं, यात शंका नाही. आयर्लंडच्या लिमरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१मध्ये या खेळाचा अभ्यास छापला, त्यातही हेच. एका सीझनला चांगला खेळणारा पुढच्यालाही बऱ्यापैकी चांगलाच खेळतो, म्हणजे निव्वळ नशीब नाही. त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. वरच्या फळीतल्या लोकांच्या टीम बघता बघता एकमेकांसारख्या होत जातात.

हे वाचून मला थेट ऑफिस आठवलं. सगळ्यांनी घेतलेला खेळाडू घेतला की तुम्ही बुडत नाही, पण वरही येत नाही. अप्रेझलचं वेगळं काय असतं?

पण जागतिक रँक ही आमच्यात हसण्याची गोष्ट आहे. टोरांटो एकदा जगात पहिल्या ५० हजारांत होता. एक कोटीत पन्नास हजार, सॉलिड कामगिरी! त्याने स्क्रीनशॉट टाकला. खाली पहिली कमेंट, “वाडीत कितवा?” वाडीत दुसरा होता. विषय संपला.

मुंबईला हे नवीन नाही, असं मला वाटतं. १९४८पासून चालत आलेली कांगा लीग घ्या. पावसाळ्यातलं क्रिकेट, चिखलातली खेळपट्टी, ए पासून जी पर्यंत डिव्हिजन. शिवाजी पार्कवर, आझाद मैदानावर आयुष्यभर खालच्या डिव्हिजनमध्ये खेळलेले, बँकेतून हाफ डे टाकून आलेले लोक आहेत. त्यांना रणजी मिळणार नव्हती हे त्यांना पंचविशीतच कळलेलं असतं. तरी पन्नाशीत ते तुम्हाला सांगतात, अमुक साली खाली घसरण्यापासून आम्ही क्लबला वाचवलं होतं. श्रमिक जिमखान्याच्या कबड्डीत, गल्लीतल्या अंडरआर्ममध्येही तेच. समोर बघणारे आपले असतात आणि ते विसरत नाहीत. आमची लीग म्हणजे फार तर त्या गॅलरीची मोबाइलमधली आवृत्ती, गॅलरी पाडून झाल्यावरची.

ती रात्र

तर २२ ऑगस्ट, पावणेअकरा. दादाने हो-नाही करत लॉगिन केलं. आठवडा दुसरा होता, म्हणजे पहिल्याचे गुण शून्य. दहा जण पुढे निघून गेलेले, हा अकरावा, पहिल्या मिनिटापासून तळाला. ग्रुपवर वाद पेटलेला, कॅप्टन सालाह की हालांड. सालाहने आधीच्या सीझनला ३४४ गुणांचा विक्रम केलेला.

“आज रात्री मॅच कुणाची?” दादाने विचारलं.

“चेल्सीची. वेस्ट हॅमशी.”

“मग चेल्सीचा लावतो. उद्यापर्यंत कोण थांबणार!” सवय. त्याने कोल पामरला कॅप्टन केलं, जोआव पेद्रोला व्हाइस. “व्हाइसला दीडपट ना?”

“नाही. इथे व्हाइसला काही नाही. कॅप्टन खेळलाच नाही, तरच त्याचे दुप्पट.”

“मग तो कशाला ठेवलाय?”

अकरा वाजले, टीम बंद झाली. मी तिथेच राहिले. साडेबाराच्या मॅचआधी बातमी आली, वॉर्मअपमध्ये पामरला दुखापत. खेळणार नाही. दादाने माझ्याकडे असं बघितलं, की मीच त्याला पाडलंय. टीव्हीचा आवाज बारीक करून आम्ही बसलो. पंधराव्या मिनिटाला जोआव पेद्रोचा गोल. दादा खुर्चीतून उठला, मग त्याला आठवलं की आत सगळे झोपलेत, आणि परत बसला. चेल्सीने मॅच ५-१ मारली.

अडीच वाजता त्याने ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकला. एक पैसा लावलेला नव्हता, टेबलात तो अजून अकरावाच होता, आणि हात थरथरत होता. टोरांटोत तेव्हा संध्याकाळचे पाच. तिथून लगेच विचारणा झाली, “हा कोण रे व्हाइसवाला?”

डोंबिवली जागाच होता. त्याने उत्तर टाकलं, “लालबाग.”